नळीत हवा कुठून शिरते

५ ऑक्टोबर, रविवार

आज अडीच मिनिटं. मग फुस्स.

वही उलटी करून मागच्या पानांवर लिहितो आहे. पुढची पानं गावतलावाच्या पाणीवाटपाची: कुणाची पाळी कधी, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, किती वेळ उघडं. बाबा लिहायचे, आता मी. ‘पाण्याची वही’ म्हटलं की घरात कुणी तिला हात लावत नाही, म्हणून ही जागा बरी.

जुलैअखेर नागपूरला ऑपरेशन झालं. प्रोस्टेटमध्ये कॅन्सर होता, पूर्ण ग्रंथी काढली. रिपोर्ट चांगला आहे. लघवीवर ताबाही आला. राहिलं ते एकच. डॉक्टरनं ‘लिंग’ हा शब्द आपण गुडघा म्हणतो तसा सरळ उच्चारला आणि मी टेबलावरच्या पेनाकडे पाहत बसलो. म्हणाला, नसा झोपल्या आहेत, मेल्या की नाही ते वेळ सांगेल. तोवर तिथं रक्त खेळतं ठेवलं पाहिजे. रोज दहा मिनिटं, डिसेंबरात पाहू. तेव्हाही काही नसेल तर वेगळा विचार करावा लागेल.

त्यासाठी ही नळी दिली. पारदर्शक, खाली रबराचा भाता, वर झडप. कोमट पाणी भरायचं, अंगाला टेकवायची, भाता दाबायचा. पाणी झडपेतून वर निघतं, भाता सुटला की आत ओढ तयार होते आणि रक्त येतं. ओढ दहा मिनिटं टिकली तर उपयोग. माझी टिकत नाही.

शकुनला (इथे श. लिहीन) सांगितलं आहे की गरम पाण्याचा शेक घ्यायला सांगितलाय. ती रोज दुपारी चुलीवर पाणी तापवते आणि बादली स्वतः न्हाणीत आणून ठेवते.


८ ऑक्टोबर, बुधवार

३ मि.

बसून भरली तर नळीच्या डोक्याशी बुडबुडा राहतो. तेवढी हवाच ताणली जाते, अंगाला ओढ लागत नाही. आता उभा राहून, एक पाय पाटावर, काठोकाठ भरून मग टेकवतो. बुडबुडा गेला. तरी तीनच मिनिटं.

सोबतचा कागद इंग्रजीत आहे. मोबाइलनं भाषांतर केलं तर पहिल्याच ओळीत ‘अभिनंदन’ आलं. कशाबद्दल ते पुढे कुठे लिहिलेलं नाही.

मुलीला वाचायला लावलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण कुठल्या तोंडानं.


११ ऑक्टोबर, शनिवार

श. बचत गटाच्या बैठकीला गेली होती. नीट परीक्षा घेतली. बादलीत नळी पूर्ण बुडवून भाता दाबला, एकही बुडबुडा नाही. म्हणजे भात्याला चीर नाही. झडपेवर लालसर थर होता, आपल्या बोअरचं पाणी तसंच, बादल्याही लाल होतात. जुन्या ब्रशनं घासून काढला. मग नळी स्टीलच्या परातीच्या बुडाला टेकवून ओढ दिली. पाव तास चिकटून राहिली, नळी उचलली तर परातीसकट वर आली.

म्हणजे परातीवर टिकते, माझ्यावर टिकत नाही.

परात सपाट आहे, मी नाही. तेव्हा तळाची रबरी कडी नरम करावी असं ठरवलं. घरात मोहाच्या बियांचं तेल आहे, टोरीचं. बाबा गाडीच्या आसाला तेच लावायचे, आई भेगाळलेल्या टाचांना. लावलं.

६ मि.

किती दिवसांनी बरं वाटलं. श. आली तेव्हा मी गुणगुणत होतो असं ती म्हणाली.


१५ ऑक्टोबर, बुधवार

१ मि. सुद्धा नाही.

कडी फुगली. काठ पापडासारखे वाकडे झाले. साबणानं धुतली, उन्हात ठेवली, सावलीत ठेवली. जात्या जिवाला पाणी पाजल्यासारखं सगळं करून झालं. कागदावर शेवटून तिसरी ओळ आज मोबाइलनं सांगितली, तेल लावू नये. आधी पूर्ण वाचायला काय झालं होतं मला.

संध्याकाळी श. विचारत होती, शेकानं आराम आहे का. म्हटलं आहे. ‘तं मंग चेहरा काऊन असा?’ म्हणाली. ऊन लागलं म्हणालो.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळच्या गाडीनं गोंदिया. घरी सांगितलं, फवारणी पंपाचं वॉशर आणायचं आहे. पंपापुरतं तरी खरं बोललो.

रबरी सामानाच्या दुकानात गर्दी नव्हती. कडी कागदात गुंडाळून नेली होती. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. कडी बोटांत फिरवून पाहिली, नाकाशी नेली.

‘किस मशीन का है दादा?’

‘स्प्रेयर का.’

‘स्प्रेयर का तो नहीं है।’

तो आत गेला, बराच वेळ डबे खालीवर केले. पांढरी, पातळ काठाची कडी घेऊन आला. दूध काढायच्या मशीनला लागते ती. काउंटरवर ठेवून हळू आवाजात म्हणाला, ‘ये नरम है। चमड़ी पे ठीक रहेगा। और तेल मत लगाना, रबर को तेल खा जाता है।’

मी मान वर केली नाही. धन्यवादही म्हणालो नाही, हे परतीच्या गाडीत लक्षात आलं. बहुतेक त्याला सगळं समजलं होतं, आणि समजूनही त्याने मला दुकानात उभं राहू दिलं.


१८ ऑक्टोबर, शनिवार

४ मि. कडी बसते छान. पण चार म्हणजे दहा नव्हे.


२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी झाली. मुलगी-जावई नातीसकट आले आहेत. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, होईपर्यंत राहतील. न्हाणीच्या दाराशी सतत कुणीतरी. नळी धानाच्या कोठीमागे ठेवली आहे.

मला वाटलं होतं पाहुण्यांमुळे पाच-सहा दिवस सुटका. पण श. रोज बादली आणते. ‘पाव्हणे असले म्हणून शेक सोडाचा नाही,’ म्हणते. जावयासमोर म्हणते. मग मी दार लावून पाटावर बसतो आणि ते गरम पाणी नुसतं गुडघ्यांवर ओततो. बाहेर येतो तेव्हा ती टॉवेल घेऊन उभी असते.

लाज वाटते. शरीराची नाही, या पाण्याची.


२६ ऑक्टोबर, रविवार

गावची मंडई. पाळणे, जिलेबी, रात्री नाटक. सगळ्यांना नाटकाला पाठवून मी घरी थांबलो, लवकर आडवा झालो. श. चे पाय दुखत होते म्हणून तीही गेली नाही. दोघंच घरात, पाहुणे आल्यापासून पहिल्यांदा. ती तिच्या खाटेवर, मधल्या खोलीत. मी इकडे. ऑपरेशननंतर तिनं स्वतःहून खाट हलवली. मी काही बोललो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा ती वेगळी झोपली आणि मला वाटलं, सुटली बिचारी.

हे लिहून ठेवतो कारण दुसरीकडे कुठे म्हणता येत नाही.


२८ ऑक्टोबर, मंगळवार

पाहुणे गेले. आज चूक केली.

ओढ सुटायची, मी पुन्हा भाता दाबायचो. पुन्हा सुटायची, पुन्हा दाबायचो, आधीपेक्षा जोरात. हट्टाला पेटलो. दहा मिनिटं पुरी केलीच. काढून पाहिलं तर लाल ठिपके, एका बाजूला जांभळं. ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप तिचंच काही करून बसलो की काय.


२९ ऑक्टोबर, बुधवार

नागपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. घरातून बोलता येईना म्हणून तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन. बगळे सोडून ऐकायला कुणी नव्हतं.

रागावली नाही. दुखतं का, लघवीला त्रास आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारलं. काही नाही म्हटल्यावर म्हणाली आठ दिवस पूर्ण बंद. गळती आहे म्हणून जोर वाढवायचा नसतो, आधी गळती शोधायची. मग म्हणाली, घरच्यांना जरा पाहायला सांगा ना, एकट्याला कठीण जातं.

हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.


३ नोव्हेंबर, सोमवार

ठिपके फिके झाले.

सकाळी दयाराम बोलवायला आला. आमच्याबरोबर पाळीची राखण करतो, माझ्याच वयाचा. पाळीच्या शेताकडच्या अंगाला ओल दिसली म्हणाला. उशिराच्या धानाला अजून एक पाणी द्यायचं आहे, तलाव आत्ता गळून चालणार नाही.

आम्हा तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांना हे लहानपणी शिकवतात: ओल दिसते तिथं माती टाकू नका. ते गळतीचं शेपूट आहे, तोंड पाण्याच्या अंगाला. दयारामनं पाण्यावर धानाचा कोंडा टाकला. आम्ही दोघं उकिडवे बसून पाहत राहिलो. कोंडा थोडा वेळ नुसता डुलला, मग एका जागी जमू लागला, फिरू लागला, आत जाऊ लागला. खेकड्याचं बीळ. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मिसळलेल्या चिकणमातीचे गोळे करून तिथंच ठोसले. दुपारपर्यंत खालची ओल थांबली.

घरी येताना पाण्याच्या पाटाजवळ थांबलो. एकदम डोक्यात आलं.

तलावात पाणी बाहेर जायला पाहतं. नळीत बाहेरची हवा आत यायला पाहते. उलटं आहे सगळं. मी महिनाभर गळतीचं तोंड पाण्याच्या अंगाला शोधत होतो. झडप घास, भाता तपास, कडी बदल, बुडबुडा काढ, सगळं नळीच्या आतून. तोंड बाहेर आहे. माझ्या अंगाकडे.

परातीनं तर सांगितलंही होतं. बाबांची शिकवण एवढी हाडात मुरली आहे की समोरची परात दिसली नाही. हसू आलं आणि लगेच गेलं.


५ नोव्हेंबर, बुधवार

आठ दिवस झाले. ठिपके नाहीत.

कोंड्याऐवजी साबणाचा फेस घेतला. नळी टेकवून हलकीच ओढ दिली आणि कडीभोवती बाहेरून फेस लावला. उजवीकडे तसाच राहिला. डावीकडे तसाच. वर तसाच. खालच्या बाजूला बोटानं लावला तो पुन्हा चाचपला तर नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिथून आत जातो आहे.

पण तिथं काय आहे ते मला दिसत नाही. मध्ये पोट. आरसा धरला तर वाफेनं आंधळा. एक हात नळीला, एक भात्याला, तिसरा हात देवानं दिला नाही. मोबाइल धरायला गेलो, बादलीत पडता पडता वाचला.

दुसऱ्या माणसाचे डोळे हवेत. या घरात दुसरं माणूस एकच आहे.


६ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं नाही.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं नाही. दोनदा जवळ गेलो. पहिल्यांदा चहा मागितला, दुसऱ्यांदा कात्री कुठे आहे विचारलं. कात्री कायले पाहिजे म्हणाली, तर नको म्हणालो.

डिसेंबर चार आठवड्यांवर आला.


८ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

ती ओसरीत सूप घेऊन बसली होती, हलक्या, लवकर येणाऱ्या धानाचे नवे तांदूळ पाखडत. मी समोर बसलो आणि सुरुवात कुठून करावी ते न सुचून म्हटलं, मी शेक घेत नाही. सूप थांबलं. मग सगळं सांगितलं, डॉक्टर, झोपलेल्या नसा, नळी, तेल, गोंदियाची कडी, ठिपके. शेवटी ती म्हणाली, ‘दाखवा.’

कोठीमागून काढून आणली. तिनं फिरवून पाहिली, भाता दाबून पाहिला, झडपेतून उजेडाकडे पाहिलं. नव्या भांड्याची पारख करावी तशी.

‘कवापासून?’

‘सप्टेंबरपासून.’

‘आन् मी रोज शेकाचं पानी तापवून राह्यली होती.’

मी सुपातल्या तांदळाकडे पाहत बसलो.

‘तुमाले काय वाटलं, मी हासीन?’

नाही म्हटलं. मग काय वाटलं, तिनं विचारलं. तेव्हा तोंडातून निघून गेलं ते: ‘मले वाटलं, तुले बरंच वाटलं. खाट नेली तू.’

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हळू म्हणाली, ‘टाक्यायले धक्का लागू नये म्हणून नेली मी खाट. झोपेत पाय लागते माझा, तुमीच म्हनत होते. मंग टाके सुटले, आन् तुमी बोलावलंच नाही.’

सूप उचलून आत गेली. तांदूळ अर्धे पाखडलेले तसेच.


१० नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस बोलत नाही. वाढते, गोळ्या काढून ठेवते, बोलत नाही. दुपारी बादलीही नाही. मी स्वतः चूल पेटवली, धुरानं डोळे भरले. तिनं खिडकीतून पाहिलं आणि पाहू दिलं.

बरोबरच आहे. तिला राग नळीचा नाही. रोज आणलेल्या त्या बादलीचा आहे. मी तिच्या जागी असतो तर आठ दिवस बोललो नसतो.


१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी न्हाणीत होतो. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. श. आत आली, वाचायचा चष्मा लावून, हातात शिवणाची लहान कात्री, खांद्यावर टॉवेल. दार लावलं. पाट ओढून बसली.

‘कुठून जाते हवा, दाखवा.’

फेस लावला. ती वाकून पाहत राहिली. पायातला काटा काढताना बसते तशीच बसली होती, भुवया जवळ घेऊन. मला छताकडे पाहावंसं वाटत होतं, पण मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. भांगात पांढरं खूप झालं आहे. हे कधी झालं.

‘हं. इथून,’ म्हणाली. खालच्या बाजूला कडीखाली केस अडकतात आणि कातडीची एक घडी पडते, तिथं बारीक वाट तयार होते. एवढंच. नळीत काही दोष नव्हता, कडीत नव्हता. तिनं केस कापले, सावकाश, कातडी एका बोटानं ताणून धरून. पाण्यानं धुतलं. सोबत आलेली पाण्याची जेली, जी मी तेलाच्या नादात उघडलीही नव्हती, ती कडीच्या काठाला फिरवली. मग मी नळी भरली, टेकवली, तिनं खालून घडी सरळ करून धरली आणि मी भाता दाबला. दोनदाच. हलका.

टिकली.

न्हाणीत घड्याळ नाही. ती मोजत होती, ओठांतल्या ओठांत, रोवण्याला, भात लावताना, परह्याच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या मोजतात तशी. तीनशेला एकदा थांबून म्हणाली, दुखून राह्यलं का. नाही म्हटलं. पुन्हा पुढे. सहाशेला झडप उघडली.

१० मि.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते माझं आहे असं वाटलं. थोडा वेळ, पण वाटलं. मी रडलो. तिनं टॉवेल दिला आणि बादली उचलून बाहेर गेली.


१६ नोव्हेंबर, रविवार

रोज १०. गेले चार दिवस एकदाही सुटली नाही. आता तिनं धरायची गरजही नाही, घडी कशी सरळ करायची ते मला जमलं. तरी ती येऊन बसते. शेतावरचं बोलते, कापणीला किती बायका आल्या, कुणाचा पाय मुरगळला. मी नळी धरून हं हं करतो. बाहेरून कुणी ऐकलं तर चहाला बसलेत असं वाटावं.


२० नोव्हेंबर, गुरुवार

१०.

आता एक खरं लिहितो. नळी काढली की दोन-चार मिनिटांत सगळं पूर्ववत. सकाळी उठतो तेव्हाही काही नाही. गळती होती तोवर मला म्हणता येत होतं की हवा शिरते म्हणून होत नाही. झडपेला बोल लावला, कडीला लावला, बोअरच्या पाण्याला लावला. आता गळती नाही. ओढ पुरी, वेळ पुरा, पाणी कोमट, सगळं कागदाबरहुकूम. आणि नसा झोपलेल्याच.

गळती शोधत होतो ते दिवस बरे होते असं आज वाटलं. हे श. ला सांगितलं नाही.


२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. पुन्हा लपवालपवी नको.

ती म्हणाली तिला माहीत आहे, तिलाही दिसतं. मग म्हणाली, डॉक्टरनं वेळ लागेल म्हटलं होतं ना, एवढ्यात काय. मी म्हटलं वेळ लागेल म्हटलं, येईल असं नाही म्हटलं. ती चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

१०.

जेवताना धीर करून म्हटलं, खाट इकडे आण. टाके सुटून किती महिने झाले.

म्हणाली, आत्ता नाही. नागपूरहून येऊ द्या.

मला लागलं ते. चेहऱ्यावर दिसलं असेल. ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, ‘आत्ता आनली तं तुमी रोज सकाळी परीक्षेचा निकाल पायल्यावानी उठान. आन् नापास झाले का माझ्याकडे पाठ करान. मले नाही पाहिजे तसं.’

मी नाही करणार पाठ, म्हटलं.

‘तीन महिने केलीच ना जी,’ म्हणाली. रागानं नाही. साधं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

रात्री उशिरापर्यंत झोप नाही. तिच्या खोलीतून तिच्याही कुशी बदलण्याचा आवाज येत होता.


१ डिसेंबर, सोमवार

१०.

सिस्टरचा फोन. गुरुवारी अकराची वेळ. गळती थांबली हे सांगितलं. कशी सापडली विचारलं तर म्हटलं, मिसेसनं काढली शोधून. ती म्हणाली, छान. पुढे काय होईल ते विचारायचं होतं, विचारलं नाही. तिला तरी काय माहीत असणार.

दयारामला वाटतं मी कॅन्सरच्या तपासणीला चाललो आहे. तेही खोटं नाही. रिपोर्ट कसाही येवो, मी जिवंत आहे, धान घरात येतो आहे, हे सगळे म्हणतात आणि खरं म्हणतात. एवढ्यावर माणसानं समाधानी असावं. मी नाही. छप्पन्नाव्या वर्षी याचा हट्ट धरावा का, असं स्वतःला विचारून पाहिलं. धरावा असंच उत्तर आलं. मला तिच्याजवळ जायचं आहे, पूर्वी जात होतो तसं. दुसऱ्या कशानं ती जागा भरत असेल तर मला अजून माहीत नाही.


३ डिसेंबर, बुधवार

१०.

उद्या पहाटेची बस, सडक अर्जुनीहून महामार्गानं नागपूर. फाइल, रिपोर्ट, नळी डॉक्टरला दाखवायला पिशवीत. श. नं ती धुऊन, पुसून तिच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली.

मग स्वतःची पिशवी भरू लागली. मी म्हटलं, तू कायले, कापलेला धान उघड्यावर आहे, मी एकटा जाऊन येतो. म्हणाली, धान दयाराम पाहील. सांगून ठेवलं आहे त्याला. कधी सांगितलंस? परवा.

संध्याकाळी माझ्याकडून पेन घेऊन गेली. पोळपाट उपडा करून त्यावर कागद ठेवून काहीतरी लिहीत बसली. श. वर्षातून दोनदा लिहीत असेल, बचत गटाच्या सहीपलीकडे. चार-पाच ओळी झाल्या. एक खोडली, परत लिहिली. मी जवळ गेलो तर हाताखाली झाकलं.

काय आहे विचारलं.

‘डॉक्टरले विचाराचं हाये.’

‘मले विचार. मी सांगतो.’

‘तुमाले नाही ना विचाराचं. तुमी तं सांगानच, का सगळं बरं हाये म्हनून.’

कागदाची घडी करून पिशवीत टाकली, चष्म्याच्या डबीखाली. आता झोपली आहे, मधल्या खोलीत. पिशवी दाराशी आहे. काय लिहिलं असेल ते मला चार प्रकारे सुचतं. त्यातले दोन प्रकार मला ऐकवणार नाहीत. पिशवीला हात लावलेला नाही.

पहाटे चारचा गजर लावला आहे.